चंद्रावरून दिसणारी भिंत

चीनची भिंत चंद्रावरून दिसते की नाही, ह्यावरून माझं माहेर तुटलं. हसू नका. लोकांची माहेरं जमिनीच्या वाटणीवरून तुटतात, दागिन्यांवरून तुटतात, लग्नात साडी हलकी दिली म्हणूनही तुटतात. त्या बायकांना निदान चारचौघांत सांगायला कारण तरी असतं. मी कुणाला काय सांगणार? माझी आई आंजर्ल्याला अंथरुणाला लागत चालली होती, मी रत्नागिरीत धडधाकट होते, आणि मला तिला भेटता येत नव्हतं. सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला पोचावं, एवढंच अंतर.

आमचे हे भूगोलाचे मास्तर. निवृत्त झाले तरी गावाला अजून ‘सर’च. नोकरीत होते तोवर शिकवायला वर्ग होता. तो गेल्यावर ह्यांनी आमच्या आळीच्या तोंडाशी, रिक्षा उभ्या राहतात तिथला फळा ताब्यात घेतला. नाक्यानाक्यावर असतो तसाच तो, मंडळाने रंगवलेला, वर पावसासाठी पत्र्याची पट्टी. पूर्वी त्याच्यावर सुविचार असायचा, आणि आळीत कुणी गेलं तर निधनाची बातमी आणि अंत्ययात्रेची वेळ. ह्यांनी सुविचार बंद पाडला. म्हणाले, ‘सुविचारांनी आजवर कुणाचं भलं झालंय? लोकांना माहिती द्या.’ आणि वर ठळक अक्षरांत ‘जगाची गंमत’ असं लिहून टाकलं. तेव्हापासून रोज सकाळी चहा झाला की खडू आणि ओलं फडकं घेऊन हे निघतात.

ऑक्टोपसला तीन हृदयं असतात. शुक्रावरचा दिवस शुक्रावरच्या वर्षापेक्षा मोठा असतो. फुलपाखरू पायांनी चव घेतं. पृथ्वीवर झाडं यायच्या आधीपासून शार्क मासे आहेत. रिक्षावाले वाचतात, मासळीबाजाराला निघालेल्या बायका पिशवी खाली ठेवून वाचतात. ‘सर, आजचं भारी होतं हां,’ असं कुणी म्हणालं की ह्यांचा दिवस सोन्याचा जातो.

खोटं कशाला बोलू, लग्न होऊन आले तेव्हा मलाही ह्यांच्या ह्या सांगण्याचं कौतुक होतं. माझ्या माहेरी पुरुष बोलायचे ते पावसाबद्दल आणि बागेतल्या माकडांबद्दल. हा माणूस जेवताना मला ज्वालामुखी सांगायचा. मी मैत्रिणींत मिरवायचे. पुढे पुढे लक्षात आलं की ह्यांना माझ्याशी बोलायचं नसतं, सांगायचं असतं. मी म्हटलं, ‘मान फार दुखते हो,’ तर म्हणाले, ‘गंमत बघ, जिराफाच्या एवढ्या लांब मानेतसुद्धा माणसाइतकेच सात मणके.’ मी म्हटलं, ‘काजू यंदा धरलाच नाही,’ तर म्हणाले, ‘बोंड हे काजूचं खरं फळच नव्हे.’ नसेल. पण यंदा धरला नाही त्याचं काय, ते राहिलंच. सोमालियापासून सैबेरियापर्यंत सगळीकडचं ह्यांना ठाऊक, आणि आपल्या बायकोला रक्तदाबाची गोळी कधीपासून चालू झाली ते ठाऊक नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो आमच्या घरी वीज आल्यापासून आहे.

तर ती वास्तुशांत. माझ्या धाकट्या भावाने आंजर्ल्यात कड्याच्या पायथ्याशी जुन्या घराला लागून नवीन बांधलं. कासवं बघायला येणारे पाहुणे हल्ली वाढले, त्यांना उतरायला चार खोल्या. आई तेव्हा हिंडतीफिरती होती. डोळ्यांनी कमी दिसायचं, पण काठी टेकत मांडवभर फिरून कुणाला काय वाढलं, कुणाला काय राहिलं ते विचारत होती. पहिल्या पंगतीला जावई म्हणून हे मधल्या पानावर. पानाभोवती रांगोळी, उदबत्ती. समोर बसलेली माणसं, ऐकायला दोन्ही बाजूंना पाहुणे. ह्यांना आणखी काय हवं?

मसालेभातापर्यंत ऑक्टोपस झाला, शुक्र झाला. जिलबी आली तेव्हा हे चीनच्या भिंतीवर पोचले. ‘माणसाच्या हातची ही एकच वस्तू अशी की ती चंद्रावरून दिसते!’ सगळे वा वा म्हणाले. भाऊ ताट घेऊन जिलबी वाढत होता. तो वाकल्या वाकल्या सहज बोलून गेला, ‘नाही हो भावोजी, ते खोटं आहे. चंद्रावरून भिंत दिसत नाही. आमच्याकडे जुन्या घरात उतरले होते एक पाहुणे, त्यांनी सगळं समजावून सांगितलं. एवढ्या लांबून रस्त्याएवढी रुंद वस्तू कशी दिसेल?’

झालं. पंगतीतला कुणीतरी म्हणाला, ‘सर, आता चंद्रावर जाऊनच ठरवा.’ दुसरा म्हणाला, ‘एसटी सोडा आंजर्ले-चंद्र.’ आणि मांडव हसला. वाईट हसला नाही. लग्नाकार्यात जावयाला हसतात तसाच हसला. पण ह्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ह्यांनी पानातली जिलबी बाजूला सारली, पाणी हातावर घेतलं आणि उठले.

आमच्याकडे जावई पानावरून उठला म्हणजे काय, हे ज्यांच्याकडे उठलाय त्यांनाच कळेल. पंगतीतले हात जागच्या जागी थांबले. वाढप्यांनी भांडी खाली ठेवली. आई काठी टाकून मधल्या वाटेत आली आणि ह्यांच्या पुढ्यात हात जोडून उभी राहिली. ‘असं भरल्या पानावरून उठू नका हो, वास्तूला बरं नाय.’ तिला नीट दिसत नव्हतं, त्यामुळे ती हात जोडून ह्यांच्या जरा बाजूला बघत होती. हे तिला वळसा घालून गेले आणि गाडीत जाऊन बसले. मी हात न धुता मागोमाग निघाले. परतीच्या सबंध रस्त्यात हे एकच वाक्य बोलले, ‘त्या घराचा उंबरा आता माझ्यासाठी नाही.’

माझ्यासाठी आहे की नाही, हे मला कुणी विचारलं नाही.

आंब्याच्या दिवसांत भाऊ समजूत काढायला आला. शाल, नारळ आणि हापूसची पेटी घेऊन. रत्नागिरीला आंबे घेऊन येणारा माणूस म्हणजे किती शरण आलेला असेल बघा. हे झोपाळ्यावर बसलेले, तो समोर खुर्चीच्या कडेवर. मी कोकम सरबताचे पेले घेऊन दारात उभी. भाऊ म्हणाला, ‘भावोजी, माझं चुकलं. पानावर बसलेल्या माणसाला बोलायला नको होतं. आईची तब्येत बरी नाही, ताईला घेऊन या.’ हे म्हणाले, ‘ते ठीक आहे. आणि भिंत?’

भाऊ म्हणाला, ‘भिंतीचं राहू द्या ना आता.’

‘राहू कसं द्या? चारचौघांत नाही म्हणालास, आता चारचौघांत हो म्हण. दिसते म्हण.’

मी मनात म्हटलं, म्हण रे बाबा. दिसते म्हण, तिच्यावर चालणारी माणसंही दिसतात म्हण, तुझं काय जातंय? पण तोही माझ्याच बापाचा मुलगा. मान खाली घालून बसला आणि शेवटी म्हणाला, ‘कसं म्हणू भावोजी? नाही दिसत.’ ह्यांना मान प्यारा आणि त्याला सत्य. मधल्या मध्ये माझी आई कुणालाच प्यारी नव्हती. तो शाल घेऊन गेला, नारळ राहिला. दुसऱ्या दिवशी मी त्या नारळाची सोलकढी केली आणि ह्यांनी दोन वाट्या भुरकल्या.

आता कुणी म्हणेल, तू काय कुक्कुलं बाळ होतीस? एकटी जायचंस. जायला निघाले होते की. एका सकाळी हे फळ्यावर गेले तशी मी पिशवीत दोन साड्या कोंबल्या, आईसाठी मऊसूत नाचणीचे लाडू घेतले आणि एसटी स्टँड गाठला. दापोलीच्या गाडीत खिडकीशी जागा मिळाली. गाडी सुटायला वेळ होता म्हणून भावाच्या घरी फोन लावला. वहिनीने फोन आईच्या कानाला धरला.

‘आई, येत्येय मी.’

‘जावई आहेत ना गो बाय बरोबर?’

‘नाहीत. एकटीच येत्येय. गाडीत बसल्येय.’

ती म्हणाली, ‘एकटी नको येऊ. लोकं म्हणतील नवऱ्यानं पाठवून दिली. वास्तुशांतीचं सगळ्या गावानं बघितलंय. तू पिशवी घेऊन एकटी दारात उतरलीस की माझी मान खाली गेली. उतर गो बाय. त्यांना घेऊन ये, मी आहे तवर.’

मी भांडले. गाडीत माणसं बघत होती तरी भांडले. म्हटलं, तुला मी हवी आहे की जावई हवाय? ती रडायला लागली. रडताना मध्येच म्हणाली, ‘आणि मेली ती भिंत दिसली काय नि नाय दिसली काय, आपल्याला कोण नेतंय चंद्रावर? मी रोज सांगते ह्याला, दिसते म्हण रे. आयकत नाय.’ कंडक्टर आत आला, तशी मी पिशवी उचलली आणि उतरले.

येताना भाजी घेऊन आले, म्हणजे पिशवीचं कारण सांगावं लागू नये. लागलंच नाही. दार उघडता उघडता हे म्हणाले, ‘बरं झालं आलीस. ऐक, शहामृगाचा डोळा त्याच्या मेंदूपेक्षा मोठा असतो!’ मला इतका राग आला की हातातल्या मेथीच्या जुड्या त्यांच्या तोंडावर फेकाव्यात असं वाटलं. मी त्या निवडत बसले. आईवरही राग होता, आणि तो जास्त दुखत होता. आयुष्यभर जिने लोक काय म्हणतील ह्याच्या धाकात दिवस काढले, तिला मरतानाही लोकच उशाशी हवे होते.

मग फोनवर फोन. हे दुपारी झोपले की मी लावायची. आधी आई सगळं बोलायची, सुपाऱ्या किती पडल्या, कुणाची गाय व्याली. मग थोडं बोलायची. मग नुसतं ‘कधी येशी?’ एवढंच, आणि तेही अधूनमधून मला ओळखून. मी ह्यांना विचारायची. आडून विचारलं, सरळ विचारलं, जेवण वाढताना विचारलं, एकदा संकष्टीला देवासमोर हात धरून विचारलं. ‘अहो, एकदाच जाऊन येऊ. तुम्ही गाडीतून उतरू नका हवं तर. दारात गाडी उभी करा, तिला कळू दे की तुम्ही आलात.’ हे दरवेळी म्हणायचे, ‘तुला जायचं तर जा ना. मी कुठे धरून ठेवलंय?’ आईची अट ह्यांना ठाऊक होती, मीच सांगितली होती.

पुढच्या फाल्गुनात फळ्यावर काय आलं ते सांगते. मी बाजाराला निघाले होते. ‘समुद्री कासवीण कितीही दूर गेली तरी अंडी घालायला आपण जन्मलो त्याच किनाऱ्यावर परत येते.’ खाली रंगीत खडूने कासव काढलेलं, पाठीवर नक्षी. रिक्षावाला म्हणाला, ‘वहिनी, तुमच्या आंजर्ल्याचंच आहे.’ मी त्याला हसून दाखवलं. मनात म्हटलं, कासविणीचं बरं आहे. तिला किनाऱ्यावर कुणी विचारत नाही, नवरा कुठाय म्हणून. घरी आले आणि विचारलं, ‘आज फळ्यावर लिहिताना काही वाटलं का तुम्हाला?’ तर म्हणाले, ‘कासव जरा तिरकं आलं का?’

आई श्रावणात गेली. सकाळी वहिनीचा फोन आला. मी भिंतीला टेकून खाली बसले. मला वाटलं, आता हे म्हणतील तू जा. पण ह्यांनी माझ्या हातातून फोन घेतला, वेळ विचारली, शेजारच्या गाडीवाल्याला हाक मारली आणि चप्पल घालून उभे राहिले. ‘चल. मयताला मानपान नसतो.’

तसा रिवाजच आहे आमच्याकडे. लग्नाला बोलावणं लागतं, बारशाला लागतं, मरणाला लागत नाही. कितीही वैर असलं तरी माणूस आपण होऊन जातो. मला तो रिवाज लहानपणापासून ठाऊक, आणि फार मोठ्या मनाचा वाटायचा. त्या दिवशी गाडीत बसल्यावर मला कळलं की त्याचा सरळ अर्थ काय. आई जिवंत असताना जो उंबरा ओलांडायला शाल, नारळ आणि चंद्र लागत होता, तो ती मेल्यावर फुकट होता.

हे माझ्या आधी घरात शिरले. आईला ओटीवर ठेवली होती, डोकं दाराकडे. ह्यांनी तिच्या पायावर डोकं ठेवलं. भाऊ पुढे आला, दोघांनी एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवले, आणि दोघंही रडले. जमलेल्या बाया एकमेकींना म्हणाल्या, ‘सर आले हो. मोठं मन.’ मला त्या दोघांच्या खांद्यावरच्या हातांची किळस आली. एवढे जवळ होते ते हात, तर इतके दिवस कुठे होते? मी आईच्या उशाशी बसले. तिचं तोंड लहान झालेलं, ओळखू न येण्याइतकं. मी तिला शेवटची वास्तुशांतीला बघितली होती, हात जोडलेली.

मुंबईचे लोक यायचे होते म्हणून थांबले होते सगळे. पाऊस लागून राहिला होता. अंगणात पत्र्याखाली पुरुष बसलेले, आणि त्यांच्यातून मला ह्यांचा आवाज ऐकू येत होता. ‘मेल्यावर माणसाची नखं वाढतात म्हणतात ना, ते साफ चूक. कातडी आखडते, म्हणून तसं वाटतं. लोकांत वर्षानुवर्षं खोटं पसरलेलं असतं, आपण तपासत नाही.’ कुणीतरी म्हणालं, ‘खरं की काय सर?’

सासरी दिलेल्या लेकीला सुतक तीन दिवसांचं. ते फिटलं तसे आम्ही निघालो. दाभोळला फेरीबोटीवर गाडी चढवली आणि हे म्हणाले, जरा वारा घेऊ, म्हणून कठड्याशी उभे राहिलो. पाऊस उघडला होता. पलीकडे अंजनवेलकडच्या वीज प्रकल्पाची धुराडी दिसत होती. बोट धक्क्यापासून सुटली. ह्यांचा चेहरा बरा दिसत होता, एखादं जड काम उरकल्यासारखा. खाडीकडे बघत ते म्हणाले, ‘तुझा भाऊ बरोबर होता बरं का.’

‘कशात?’

‘ती भिंत. नाही दिसत चंद्रावरून. मी घरी येऊन त्याच आठवड्यात शोधलं होतं. अंतराळवीरांनीच सांगितलंय.’

मला आधी नीट कळलंच नाही. इंजिनाचा आवाज होता. मी विचारलं, ‘कुठल्या आठवड्यात?’

‘अगं, वास्तुशांतीच्या. म्हणून तर पंचाईत झाली. सगळी नोकरी वर्गात तेच शिकवलेलं. आता तिथे जाऊन कुठल्या तोंडाने बसणार? हसले असते पुन्हा.’

म्हणजे भाऊ शाल घेऊन आला होता तेव्हा ह्यांना माहीत होतं. ‘दिसते म्हण’ म्हणत होते तेव्हा माहीत होतं. मी देवासमोर हात धरला तेव्हा माहीत होतं. मी कठडा धरला आणि म्हटलं, ‘मग मला तरी सांगायचं. मी आईला सांगितलं असतं की त्यांनाही पटलंय, नुसते लाजतायत. गावाला सांगायला तिला काहीतरी मिळालं असतं, मग तिने मला एकटीला येऊ दिलं असतं. का नाही सांगितलंत?’

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. चेहऱ्यावर लबाडी नव्हती, वाईटपणाही नव्हता. खरोखरच नवल वाटल्यासारखे ते म्हणाले, ‘तू विचारलंस कुठे?’

आणि ते खरं होतं. इतक्या दिवसांत मी आईकडे जाऊ या का, एवढंच विचारत राहिले. भिंत दिसते का, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.